काम कुठवर आलं?

मंडळी, आमच्या बांधकामाच्या धंद्यात एक प्रश्न असा आहे की तो कोणीही, कधीही, चहाचा कप हातात धरून विचारू शकतो. पण त्याचं खरं उत्तर द्यायचं तर अख्खी साइट पालथी घालावी लागते. तो प्रश्न म्हणजे, "काम कुठवर आलं?" मालक विचारतो, बँक विचारते, कन्सल्टंट विचारतो. आणि गेली वीस वर्षं मी त्याचं ठरलेलं उत्तर ऐकत आलोय, "नव्वद टक्के झालं, साहेब!" गंमत अशी की उरलेल्या दहा टक्क्यांना पुष्कळदा पहिल्या नव्वदाइतकेच दिवस लागतात.

हा टक्का म्हणजे नुसता आकडा नव्हे. कुवेतमध्ये, काय किंवा पुण्यात काय, महिन्याचं बिल या टक्क्यावर पास होतं. बिल पास झालं की मोठा कंत्राटदार छोट्याला पैसे देतो आणि छोटा आपल्या माणसांचे पगार करतो. म्हणजे वातानुकूलित खोलीत कोणी पंचावन्नऐवजी पंचेचाळीस लिहिलं, तर तिकडे महबुल्यात एका खोलीत आठ जणांत राहणाऱ्या गवंड्याची घरी जायची मनीऑर्डर (आता ॲपवरून जाते म्हणा!) अडकते.

माझे वडील सातारा जिल्ह्यात सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांच्याकडे कापडी बांधणीचं एक माप-पुस्तक असे. आम्हा मुलांना त्याला हात लावायची बंदी होती. पानांवर छापील क्रमांक, पान फाडायचं नाही, खोडरबर वापरायचा नाही. आकडा बदलायचा तर जुना एका रेघेनं खोडायचा आणि शेजारी सही करायची. लांबी, रुंदी, उंची आणि संख्या असे रकाने. मोरीचं बांधकाम असो की रस्त्याची खडी, टेप धरून प्रत्यक्ष मोजल्याशिवाय त्यात काही चढत नसे. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली ही पद्धत. तिच्यामागचा विचार साधा होता : जे मोजलं तेच झालं, आणि कोणी मोजलं ते कायम दिसलं पाहिजे.

मी २००५ साली इंग्लंडमध्ये बांधकाम व्यवस्थापनाची मास्टर्स करायला गेलो, तेव्हा बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, थोडक्यात 'बिम', हा शब्द पहिल्यांदा ऐकला. कल्पना मात्र जुनी. चक ईस्टमन या अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञांनी १९७५ च्या सुमारास मांडलं होतं की, इमारतीचे वेगवेगळे नकाशे काढत बसण्यापेक्षा संगणकात इमारतीचंच एक वर्णन ठेवा आणि नकाशे त्यातून काढून घ्या. १९८७ मध्ये हंगेरीतल्या ग्राफिसॉफ्ट कंपनीच्या आर्किकॅडनं ही कल्पना आर्किटेक्टच्या टेबलावर आणली, आणि २००० साली रेव्हिट आलं. आज ते अनेक मोठ्या कचेऱ्यांत ठाण मांडून आहे.

नेहमीच्या नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. बिममध्ये भिंत ही 'भिंत' असते. तिला स्वतःचा क्रमांक असतो. ती कशाची, किती जाड, किती चौरस मीटर, तिच्यातून कुठले पाइप जातात, सगळं तिला ठाऊक! त्या भिंतीला वेळापत्रकातली तारीख जोडली की झालं चौथं परिमाण, आणि खर्च जोडला की पाचवं. मग संगणकावर तारीख पुढे सरकवत जा, इमारत डोळ्यांसमोर उभी राहत जाते. हे झालं 'काय व्हायला हवं' ते.

'काय झालं' ते कळायला साइटवर जावंच लागतं. आम्ही आठवड्यातून एकदा, बहुधा गुरुवारी, तिपाईवर लेझर स्कॅनर लावतो. तो गरागरा फिरून समोर दिसेल त्या पृष्ठभागाची अंतरं मोजतो. त्यातून कोट्यवधी ठिपक्यांचा एक ढग तयार होतो. हा ढग मॉडेलवर बसवला की कुठली भिंत उभी आहे, कुठली नाही आणि कुठली उभी आहे पण भलत्याच जागी, ते रंगांत दिसतं. स्कॅनर नसेल तिथे हेल्मेटवर चहूकडे बघणारा कॅमेरा लावून माणूस मजल्यावर फेरी मारतो. निव्वळ फोटोंवरूनही हे जमतं, हे इलिनॉय विद्यापीठात मणी गोलपरवर-फर्द आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या आसपास दाखवून दिलं होतं.

आपल्या मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे नागपूर मेट्रो. भारतातल्या मेट्रोंपैकी पाच परिमाणांचं हे बिम आधी नागपूरनं मनावर घेतलं. तिथला पहिला मार्ग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला आणि पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पुरा झाला. वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा ३.१४ किलोमीटरचा तिमजली थाट आहे. नागपूरला जाल तेव्हा मान वर करून जरूर बघा.

आता आमचं कुवेत. इथल्या विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलची पायाभरणी २०१७ च्या मे महिन्यात झाली. फॉस्टर अँड पार्टनर्सचं डिझाइन, तीन पंखांचा आकार आणि प्रत्येक बाजू सव्वा किलोमीटरच्या घरात. असल्या वळणदार छताखाली ओळंबा आणि दोरी घेऊन कुठे कुठे फिरणार! जाबर पूल तर आपण सगळेच सुब्बियाला जाताना पाहतो. १ मे २०१९ रोजी खुला झालेला, सुब्बियाकडचा सुमारे ३६ किलोमीटरचा रस्ता, त्यातला बराचसा समुद्रावरून जाणारा. एवढ्या लांबीच्या कामावर एका माणसाची नजर पुरत नाही.

त्यात इथलं हवामान! २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबाला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि जागतिक हवामान संघटनेनं पुढे ते तपासून मान्यही केलं. १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करायला सरकारी बंदी आहे. काँक्रीट रात्री, बर्फ घालून ओततात. 'तोझ' म्हणजे धुळीचं वादळ आलं की स्कॅनरला भिंत दिसत नाही आणि माणसाला माणूस.

एवढं सगळं सांगितल्यावर प्रत्यक्षातला एक किस्सा सांगायलाच हवा. आमच्या एका साइटवर जिप्समच्या पार्टिशनचं काम एका छोट्या उपकंत्राटदाराकडे होतं. त्याचा सुपरवायझर सांगलीकडचा, पन्नाशीचा. सगळी साइट त्यांना 'मामा' म्हणायची. एका मजल्यावर १२० भिंती. मे महिन्याच्या बिलात मामांनी ७५ टक्के मागितले, कारण १२० पैकी ९० भिंती उभ्या होत्या. कन्सल्टंटच्या इंजिनिअरनं ४५ टक्के लिहिले, कारण दोन्ही बाजूंनी बंद होऊन फिनिशिंग झालेल्या भिंती फक्त ५४. मामा माझ्याकडे आले. म्हणाले, "सायेब, भित्ती उभ्या हायत न्हवं? मग टक्के कुठं गेले?"

मे महिना होता. मामांच्या हाताखालच्या तीस पोरांपैकी निम्म्यांच्या घरी जूनची पेरणी आणि मुलांच्या शाळेची फी, दोन्ही एकदम आलेली.

आम्ही मॉडेल उघडलं. कंत्राटात प्रत्येक भिंतीच्या कामाचे भाग पाडलेले होते : पत्र्याची चौकट ३० टक्के, एका बाजूचा बोर्ड २५, दुसऱ्या बाजूचा २५, आणि सांधे भरून फिनिशिंग २०. स्कॅनमध्ये दिसलं की ५४ भिंती पूर्ण, ३० सुरूच नाहीत, आणि मधल्या ३६ भिंतींना चौकट आणि एक बाजू लागलेली, म्हणजे प्रत्येकी ५५ टक्के. बेरीज झाली साडेएकसष्ट. पण त्याच स्कॅननं हेही दाखवलं की त्या ३६ पैकी दोन भिंती चार सेंटिमीटर सरकल्या आहेत. त्या वगळल्यावर आकडा आला ६०.६. मामांना ७५ मिळाले नाहीत, इंजिनिअरचे ४५ टिकले नाहीत, आणि दोन भिंती मामांना स्वखर्चानं काढाव्या लागल्या. बिल त्याच आठवड्यात पास झालं आणि पगार झाले.

मामा मॉडेलकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ह्या यंत्राला डोळं हायत, पर कान न्हाईत." मी विचारलं, "म्हणजे काय मामा?" तर म्हणाले, "त्या छत्तीस भित्ती का थांबल्या त्ये इच्यारलं का त्यानं? वायरवाला तीन हप्ते आला न्हाई. दुसरी बाजू बंद करून टाकू व्हय?"

मामांचं बरोबर होतं. मॉडेल 'काय' ते सांगतं, 'का' ते सांगत नाही. लाल रंगात दिसणारी भिंत आळशीपणानं लाल आहे की दुसऱ्याची वाट बघत लाल आहे, हे कळायला कोणीतरी जाऊन विचारावं लागतं. स्कॅनरला वरचा थर दिसतो. काँक्रीटच्या आतलं लोखंड ओतायच्या आधी टिपलं नाही तर गेलंच. शटरिंगची फळी आणि तयार स्लॅब यांतही त्याची गल्लत होऊ शकते. तेव्हापासून आमच्या अहवालात प्रत्येक लाल भिंतीपुढे 'कोणासाठी थांबली' असा एक रकाना आम्ही घातला. मॉडेलपेक्षा तो रकाना भरायला जास्त वेळ लागतो, आणि बैठकीत भांडणंही त्याच्यावरूनच होतात. पण भांडण निदान योग्य माणसाशी होतं.

दुसरी एक भीती मला वाटते. भिंती मोजायला आणलेला कॅमेरा माणसं मोजायला लागायला वेळ लागत नाही. कोण किती मिनिटं सावलीत बसला, हेही त्यात दिसतं. लाल रंग पाहिला की वरून फर्मान येतं, "वेग वाढवा." जुलैच्या उन्हात वेग वाढवणं म्हणजे काय, हे ज्यानं फर्मान काढलं त्यानं एकदा साडेचार वाजता छतावर उभं राहून बघावं. आम्ही फोटोंतले चेहरे पुसून मगच ते पुढे पाठवतो. कामाचं माप घ्यावं, माणसाच्या घामाचं नको.

तुम्ही म्हणाल, हे सगळं इंजिनिअर लोकांचं. आम्हाला काय त्याचं? तर मंडळी, आपल्यापैकी कितीजणांनी पुण्यात, ठाण्यात, नाशकात बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतलाय, जरा हात वर करा! रेरा कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि ते काम होईल त्या प्रमाणातच काढता येतात. त्यासाठी इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि चार्टर्ड अकाउंटंट यांचे दाखले लागतात. महारेरा २०१७ पासून चालू आहे, आणि बिल्डरला दर तिमाहीला प्रगती तिच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. म्हणजे तोच आपला टक्का!

तेव्हा पुढच्या वेळी बिल्डरनं व्हॉट्सॲपवर छानसा फोटो पाठवून "नव्वद टक्के झालं" असं कळवलं, तर नुसते हात जोडल्याचं चित्र पाठवू नका. विचारा : कशाचे नव्वद? सांगाड्याचे, की नळ-वायरिंग-लिफ्ट धरून? कोणी मोजलं, कुठल्या तारखेला, आणि उरलेलं कोणासाठी थांबलंय? सुट्टीवर जाल तेव्हा टेप घेऊन स्वतः जिना चढून या. बिल्डर जरा नाराज होईल, पण चहा पाजेल.