तेलाचा एक थेंब

गेल्या दिवाळींत आमच्या पुतण्यानें वैमानिक होण्याचा मनोदय घरांत प्रकट केला, तेव्हां सर्वांच्या दृष्टि आमच्याकडे वळल्या. लहान विमानांच्या दुरुस्तींत आमचीं चौतीस वर्षें गेलीं आहेत. "भावोजी, खरें सांगा, भय कशाचें?" वहिनींनीं विचारलें. वादळाचें नांव निघेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही म्हटलें, "नळीच्या सांध्याचें."

चार आसनांच्या सेसना १७२ विमानाच्या इंजिनांत सुमारें साडेसात लिटर तेल असतें. तें नळ्यांतून थंड होण्यास जातें व परत येतें. चालत्या इंजिनांत त्याचा दाब दर चौरस इंचास ६० ते ९० पौंड. सांधा सुटला तर तेल थोड्याच मिनिटांत बाहेर. मग इंजिन फार वेळ तग धरीत नाहीं, आणि धुराच्या तापलेल्या नळावर तेल पडल्यास आगीचेंही भय.

१९८१ सालीं आम्ही एका उड्डाणसंस्थेंत उमेदवारी करीत होतों. एके दिवशीं एक सांधा ओलसर दिसला. मिस्त्री जेवावयास गेलेले. आम्हीं पाना घेऊन नट जोरानें आवळला. ओल थांबली, आम्ही खूष! मिस्त्री परतले.

"किती आवळला?"

"गळती थांबेपर्यंत."

त्यांनीं कांहीं न बोलतां सांधा उघडला व भिंग आमच्या हातीं दिलें. ॲल्युमिनियमच्या शंकूवर केसाएवढी चीर होती. दुपारीं त्याच विमानांतून एक एकोणीस वर्षांचा विद्यार्थी एकटा उडावयाचा होता. त्या रात्रीं आम्हांस जेवण गेलें नाहीं.

हा सांधा बळानें बंद होत नाहीं. शंकूवर शंकू नीट बसला म्हणजे होतो; तेव्हां गळूं लागला तर दाब उतरवून, उघडून, पाहावयाचें. आट्यांस लेप लावून तेथें कांहीं साधत नाहीं. विमानांत हा शंकू ३७ अंशांचा, मोटारींत बहुधा ४५ अंशांचा. कांहीं मापांत दोहोंचे आटे जुळतात, म्हणून बाजारांतला मोटारीचा नट फसवून बसतो! पाने दोन हवेत: एकानें अंग धरावयाचें, दुसऱ्यानें नट फिरवावयाचा, नाहींतर नळीसच पीळ बसतो. नळीवर लांबीनें रेघ असते, ती सरळ दिसली पाहिजे. दाबाखालीं नळी शेंकडा चारपर्यंत आखडते, म्हणून ती ताणून न बसवितां शेंकडा पांच ते आठ सैल ठेवितात. रबर तर उष्णतेनें न वापरतांही म्हातारें होतें. कुकरची रिंग कडक झाल्यावर वाफ कशी धरीनाशी होते, हें सांगतांच वहिनींस तें तत्काळ पटलें. आम्हांस मात्र हें समजावयास चिरलेला शंकू पाहावा लागला होता.

शेवटीं नटावर रंगाची रेघ ओढावयाची. नट हलला कीं ती तुटते. मग इंजिन चालवून, बंद करून, कोरड्या पांढऱ्या फडक्यानें सांधा पुसावयाचा. डोळ्यांस न दिसणारें फडक्यास दिसतें.

जूनमध्यें पुतण्या निघाला. वहिनींनीं लाडवांच्या डब्याखालीं जुन्या धोतराचीं फडकीं घडी करून ठेविलीं. आम्ही हंसलों. पंधरा दिवसांनीं त्याचा फोन आला. प्रकृति, जेवण सर्व विचारून झालें. ठेवतां ठेवतां तो म्हणाला,

"आई, फडकीं संपलीं. आणखी पाठव."