संगमेश्वर ते आयोवा : तीन विमानं आणि बुटाची माती

मंडळी, गेल्या महिनाभरात बागेपेक्षा विमानाचेच प्रश्न जास्त आले. पोरं परदेशात, बाळंतपणाला आईबापांना बोलावतात, आणि तिकीट काढतात ते दोनदा विमान बदलायचं, कारण ते स्वस्त पडतं. आम्ही दोघं एप्रिलात, ऐन आंब्यात, बाग धाकट्या भावाच्या हवाली करून लेकीकडे आयोवाला गेलो. बाळंतपण काय आंबा उतरायची वाट बघत नाय.

रस्ता असा. संगमेश्वर रोडवरून रात्रीची तुतारी, दादर, मग विमानतळ. मुंबई ते दोहा 4 तास, तिथे 5 तास बसून काढायचे. दोहा ते शिकागो जवळपास 15 तास. पुढे डे मॉइनला सव्वा तास.

त्या 15 तासांचं सगळ्यांना भ्या असतं. पुढची खुर्ची आपल्यापासून साधारण 31 इंचांवर. 10 बाय 10 मीटरवर हापूसचं कलम लावणारी माणसं आपण! हवेचं तर विचारू नका. आतला दाब 6 ते 8 हजार फूट उंचीवरचा, म्हणजे कळसूबाईच्या डोक्याहूनही उंच बसल्यासारखं, आणि आर्द्रता बहुतेक वेळ 20 टक्क्यांच्या आत. हापूस साठवताना आपण 85-90 टक्के सांभाळतो, पेटीची चैन आपल्यापेक्षा जास्त. पाणी मागत राहायचं, लाजायचं नाही. दीड-दोन तासांनी उठून मागच्या टोकापर्यंत चालून यायचं. बसून बसून पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. इन्सुलिन घेत असाल तर ते हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. खालच्या सामानात ते गोठून फुकट जाऊ शकतं.

पण माझं मत विचाराल तर माणूस तासांनी थकत नाही, चढउतारांनी थकतो. पेटी गाडीत गप बसलेली असते तोवर आंबा बरा असतो, उचलठेव वाढली की मार लागतो. तसंच. म्हणून सगळी विमानं एकाच तिकिटावर घ्या. मग एक विमान उशिरा आलं नि पुढचं चुकलं तर दुसऱ्यात बसवायची जबाबदारी त्यांची. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर तुमचं तुम्ही बघा. हिच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर आधीच नोंदवली होती. पैसे पडत नाहीत, आणि ढकलणारा माणूस बरोबर असला की इंग्रजी पाट्या वाचत धावावं लागत नाही.

खरी कसोटी शिकागोला. विमान तासभर उशिरा, पुढच्याला दोन तास उरलेले, आणि लेकीची तारीख आठवड्यावर. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथे सामान स्वतः उचलून कस्टममधून न्यावं लागतं, मग परत द्यायचं, चिठ्ठी डे मॉइनची असली तरी. आणि तिथे एक प्रश्न असतो, खास आपल्यासाठी : शेतावर जाऊन आलात का?

निघताना दोघातिघांनी सांगितलं होतं, "नाय म्हणून सांग, भानगड नको." मी हो म्हटलं. सात-बारा नावावर असलेल्या माणसानं नाही म्हणायचं? आणि खोटं सापडलं तर दंड होतो. बूट मी घरूनच ब्रशनं घासून, धुवून, उन्हात वाळवून नेले होते. साहेबानं दोन्ही तळवे उलटे करून बघितले, बॅग उघडली, भाजलेले काजू नि लोणचं बाजूला ठेवून बघितलं नि परत भरलं. दहा मिनिटं गेली, बस. शेजारच्या टेबलावर एका बाईंचे तांदूळ मात्र काढून घेतले. खपरा भुंगेऱ्याच्या भीतीनं आपल्या देशातून प्रवाशांच्या सामानात तांदूळ नि हरभरा चालत नाही. ताजा आंबा तर नाहीच. आपला हापूस 2007 पासून तिकडे जातो, पण विकिरण करून, तपासणी होऊन, व्यापारी मालातून. पिशवीतनं नेलेला कितीही चांगला असो, कचऱ्यात जातो. राग येऊ देऊ नका. फळमाशी नि कोयीतला भुंगा आपण जाणतो, त्यांनाही तीच धास्ती.

तिथून विमानतळाच्या छोट्या रेल्वेनं दुसऱ्या टर्मिनलला. दार बंद व्हायला वीस मिनिटं असताना पोचलो. व्हीलचेअरवाला नसता तर रात्र तिथेच होती.

डे मॉइनला जावई घ्यायला आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगाला काळीभोर उघडी रानं, मक्याची पेरणी व्हायची होती. पायाची सूज दोन दिवसांनी उतरली. पाचव्या दिवशी नात झाली.