आधी खडे निवडा, मग फॉरमॅट मारा!

पेशंटला काय होतंय हे न विचारता थेट ऑपरेशन टेबलवर झोपवणारा डॉक्टर आपल्याला चालेल का? नाही ना! मग लॅपटॉप बंद पडला की आपण लगेच 'फॉरमॅट मार' का म्हणतो?

सेमिस्टर संपत आलं होतं. हॉस्टेलमधला एक मित्र लॅपटॉप घेऊन आमच्या जरीपटक्यातल्या घरी आला. "चालूच नाही होऊन राहिला बे!" लोगो यायचा, ठिपके गोल फिरायचे, मग निळा स्क्रीन... आणि पुन्हा पहिल्यापासून. एका दुकानात तर न उघडताच 'मदरबोर्ड गेला, बारा हजार लागतील' सांगितलं होतं. बाबांनी सोयाबीनच्या पैशातून घेऊन दिलेला लॅपटॉप, त्यात चौघांचा प्रोजेक्ट आणि सोमवारी सबमिशन!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ट्रबलशूटिंगला मराठीत काय म्हणायचं, ते आईला विचारलं. ती म्हणाली, "निवडणं म्हण. तांदळातले खडे निवडतो ना, तसं."

तर आम्ही निवडायला बसलो. माउस, पेनड्राइव्ह सगळं काढलं. चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून ठेवलं. फरक नाही. मग बायोसमध्ये जाऊन अर्धा तास तसाच चालू ठेवला. बंद पडला नाही! म्हणजे पॉवर आणि गरम होणं, या दोघांवरचा संशय कमी झाला. नंतर उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून सुरू केला. स्क्रीन, कीबोर्ड, डिस्क, सगळं ठीक!

शेजारचे सिंधी अंकल नेहमी सांगतात, आधी माल वाचवा, मग दुकान. म्हणून आधी प्रोजेक्ट कॉपी करून घेतला. मित्राचा जीव भांड्यात पडला. (डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं तर ४८ आकडी किल्ली लागली असती. तुमची लिहून ठेवली आहे ना?)

आता उरलं विंडोज. सुरू होताना ते दोन-तीनदा सलग अडकलं की स्वतःच रिपेअरचा स्क्रीन दाखवतं. तिथून सेफ मोडमध्ये गेलो. सेफ मोडमध्ये गरजेपुरतेच ड्रायव्हर चालतात. लॅपटॉप सुरळीत सुरू झाला! म्हणजे खडा बाकीच्या ड्रायव्हरमध्ये. आदल्या रात्रीच ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट झाला होता. जुना परत आणला, रीस्टार्ट केलं आणि... डेस्कटॉप! खर्च शून्य.

१९ जुलै २०२४ ला जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असेच अडकले होते. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कारण काय, तर क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट. हार्डवेअर धडधाकट होतं. बहुतेक ठिकाणी सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल डिलीट करणं एवढाच उपाय होता.

मित्रांनो, प्रत्येक टेस्टने एक तरी संशयित बाद झाला पाहिजे. प्रत्येक विंगमध्ये उबुंटूचा एक पेनड्राइव्ह आणि शांतपणे निवडायला बसणारा एक जण असला, तर कुणाच्या तरी बाबांचे बारा हजार नक्की वाचतील. बघा, पटतंय का!