वऱ्हाडातलं वावधन

दुपारी चारपर्यंत ज्या आभाळात ढगाचा ठिपका नाही, तेच आभाळ सहा वाजता गावाची छपरं उचलून नेतं, हे समुद्रकाठच्या माणसाला पाहिल्याशिवाय पटत नाही. आमच्या कोकणात वादळ वर्दी देऊन येतं. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा त्याची वाट आम्हाला आधीच ठाऊक होती. वऱ्हाडात तशी उसंत नाही.

मे महिन्यात दर्यापूरहून अंजनगाव सुर्जीकडे निघालो होतो. नांगरून पडलेली काळी रानं तापली होती, उत्तरेला सातपुडा धुरकट दिसत होता. एका फाट्यावर टिनाच्या शेडखाली बसची वाट पाहत होतो, तर शेजारचे म्हातारे शेतकरी एकदम उठले. “भाऊ, वावधन येऊन रायलं. टिनाखाली नका थांबू, शाळेत चाला.” वावधन म्हणजे तिकडचं अचानक उठणारं वादळ.

शाळेच्या व्हरांड्यातून पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. पश्चिमेकडून मातीची भिंत चालून आली, सूर्य दिसेनासा झाला. अंगाला एकदम गार वारं झोंबलं, मग टपोरे थेंब, मग गारा. शेडचे पत्रे दगडांसकट उडाले. अर्ध्या तासात सगळं शांत झालं. बाहेर विजेचे खांब वाकलेले, संत्र्याची हिरवी फळं मातीत आणि केळीची बाग आडवी झालेली.

केळी साऱ्या एकाच दिशेला पडल्या होत्या. टोर्नेडोसारखा फिरता भोवरा झाडं वेडीवाकडी पिरगाळून टाकतो. इथे घडतं ते निराळं. पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना दमट वारे आले, की मैलोन्‌मैल उंचीचे ढग उभे राहतात. त्यांतला पाऊस खालच्या कोरड्या हवेत विरतो, हवा थंड आणि जड होते, वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे सरळ पसरते; म्हणून एका जागची झाडं एकाच दिशेला पडतात.

या वाऱ्यापुढे पत्र्याचा आसरा किती घातक ठरतो, हे अकोला जिल्ह्यातल्या पारसने भोगलं आहे. ९ एप्रिल २०२३ च्या रविवारी संध्याकाळी बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळी पाऊस सुरू झाला म्हणून लोक टिनाच्या शेडखाली गेले, आणि शेजारचं जुनं कडुनिंबाचं झाड त्यावरच कोसळलं. सात माणसं दगावली, कित्येक जखमी झाले. ती माणसं जीव वाचवायलाच तिथे शिरली होती.

वारा कुणाला थोपवता येणार नाही, पण मोठ्या झाडाखाली शेड न उभारणं आपल्या हातात आहे. गावोगावच्या ग्रामपंचायतींनी आणि देवस्थानांनी एप्रिल उजाडण्याआधी आपल्या आवारातली जुनी झाडं तपासावीत, पत्रे दगडांवर न सोडता बोल्टने आवळावेत. आणि उन्हाळ्यात वऱ्हाडात जाणाऱ्यांनो, ढग गडगडले की झाड आणि टिन दोन्ही सोडा, पक्क्या इमारतीत जा.