बर्फ थांबल्यानंतरचा दिवस

"कायले मराले जातेस वं त्या बरफात?" गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाते म्हटल्यावर आईने विचारलं. तिचं भय हवेतलं नव्हतं. 2017 च्या जानेवारीत काश्मीरमधल्या हिमस्खलनांत जे जवान गेले, त्यांत आपल्या विदर्भातल्या अकोला जिल्ह्याचेही होते. ती बातमी तिच्या डोक्यातून गेलेली नव्हती. माझ्या डोक्यात मात्र तेव्हा फक्त स्की होत्या. भंडाऱ्यात मे महिन्यात भाजून निघालेल्या माणसाला बर्फाचं आकर्षण का वाटतं, हे वेगळं सांगायला नको.

2024 चा फेब्रुवारी होता. त्या साली जानेवारीभर गुलमर्ग जवळपास कोरडं होतं. बर्फाऐवजी वाळकं गवत दिसतंय, असे फोटो सगळीकडे फिरत होते. फेब्रुवारीत मात्र बर्फ आला, आणि भरभरून आला. आम्ही शिकाऊ मंडळी खुश. आमचे काश्मिरी सर तेवढे गप्प होते.

एका सकाळी त्यांनी आमच्या स्की बाजूला ठेवायला लावल्या आणि हातात फावडी दिली. आम्ही एका सुरक्षित उतारात कमरेएवढा खड्डा खणला. त्याची भिंत साफ केल्यावर थर उघडे पडले. वरचा थर वाऱ्याने दाबून घट्ट झालेला, आणि तळाशी मुठीत धरला तर सांडून जाणारे सुटे, रवाळ दाणे. थोडका बर्फ कडक थंडीत बरेच दिवस पडून राहिला की त्याचे असे दाणे होतात, आणि ते एकमेकांना धरत नाहीत. सरांनी भिंतीतून एक खांब मोकळा कापला, त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवलं आणि थापा मारायला सुरुवात केली. आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून. कोपराच्या थापांवरच वरचा अख्खा ठोकळा सरकून आमच्या पायांशी आला. कुणी काही बोललं नाही. मला तरी त्या एका ठोकळ्याने जेवढं शिकवलं, तेवढं पुढच्या व्याख्यानांनी शिकवलं नाही.

व्याख्यानातली एक गोष्ट मात्र टोचली. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, आणि जाणकार स्कीअरला मजा येते तीही नेमकी याच उतारावर. अपघातांमध्ये दहापैकी सुमारे नऊ वेळा तो कच्चा थर गाडला गेलेला माणूस किंवा त्याचाच सोबती सोडवतो. डोंगर आपणहून अंगावर येतो हे चित्र सिनेमातलं.

"बर्फ पडताना सगळे घाबरतात," सर म्हणाले, "मी बर्फ थांबल्यावर घाबरतो." ताज्या बर्फाचं वजन जुन्या कच्च्या थरावर नुकतंच पडलेलं असतं, वाऱ्याने कड्यांमागे आणखी रास घातलेली असते, आणि वर लख्ख ऊन. त्या उन्हात माणसं वर पळतात.

मला हे लगेच पटलं, कारण 2020 च्या ऑगस्टअखेरचा पूर मी भंडाऱ्यात पाहिला होता. पाऊस मध्य प्रदेशात पडला, तिकडच्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, आणि आमच्याकडे उघाड असताना वैनगंगा घरांत शिरली. कारध्याच्या पुलावर उभं राहून आभाळाकडे बघणारे लोक "पाऊस कुठंय?" म्हणत होते. आभाळ बघून नदी कळत नाही.

22 फेब्रुवारीला सरांची भीती खरी ठरली. खिलनमर्गच्या वरच्या अंगाला परदेशी स्कीअरच्या गटावर हिमस्खलन कोसळलं. एक रशियन स्कीअर दगावला, बाकीच्यांना वाचवण्यात आलं. वर्षभर आधी, 1 फेब्रुवारी 2023 ला, गुलमर्गच्याच अफरवट डोंगरावर दोन पोलिश स्कीअर असेच गेले होते. आम्ही शिकाऊ खालच्या मैदानावरच होतो, पण संध्याकाळी जेवताना कुणाचा आवाज चढला नाही.

त्यानंतर बीकन शोधण्याचा सराव आम्ही मन लावून केला. हे छोटं यंत्र छातीशी बांधायचं. ते 457 किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपली यंत्रं शोधण्यावर फिरवायची, जवळ पोचल्यावर लांब काठीने टोचून बघायचं, आणि काठीच्या खालच्या अंगाने खणायचं. हिमस्खलन थांबलं की बर्फ दगडासारखा आवळतो, स्वतःचं बोटही हलवता येत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर फार थोडे. गावातून मदत येईपर्यंत ही वेळ संपलेली असते.

घरी परतल्यावर लोक हमखास जवान हनुमंतप्पांचं उदाहरण देतात. 2016 मध्ये सियाचिनवर ते सहा दिवसांनी जिवंत सापडले होते, हे खरं. पण नंतर काही दिवसांतच ते गेले, आणि त्यांच्यासोबतचे नऊ जण, त्यांत साताऱ्याचे सुनील सूर्यवंशी, बर्फाखालून जिवंत आलेच नाहीत. त्या अपवादावर कुणी हिशेब मांडू नये.

आपल्याकडून हिवाळ्यात गुलमर्गला जाणारे आता बरेच आहेत, आणि गोंडोला या केबल कारचा दुसरा टप्पा काही मिनिटांत अफरवटवर नेऊन सोडतो. वर पोचलात की गस्तीवाल्यांनी आखलेली हद्द ओलांडू नका. त्यापलीकडे जायचंच असेल तर त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा वाचा, जाणता वाटाड्या घ्या, बीकन, काठी, फावडं प्रत्येकाकडे असू द्या, आणि धोक्याच्या उतारावर एका वेळी एकानेच उतरा. यातलं एक जरी नसेल, तर खालच्या मैदानावर स्कीइंग करा. तिथेही पडायला भरपूर वाव आहे.