तुळशीबागेत, आपल्या गतीने

दिवाळी आठवड्यावर आली, की पुण्याच्या तुळशीबागेत पाऊल टाकायला जागा उरत नाही. पणत्यांचे ढीग, रांगोळीच्या रंगांच्या राशी, देवघरातली पितळी उपकरणी, नातवंडांच्या किल्ल्यासाठी मातीचे मावळे. घरातली तरुण मंडळी म्हणतात, “तुम्ही कशाला येता? आम्ही आणून देऊ.” त्यांची काळजी खरी असते. तरीही पणती स्वतःच्या हातात घेऊन पारखण्याचा आनंद दुसऱ्याच्या हातून मिळत नाही. म्हणून आपण जरूर जावे. मात्र बाजाराच्या गतीने नव्हे, आपल्या गतीने.

जाण्यासाठी आडवारची सकाळ निवडावी. दुकाने नुकतीच उघडलेली असतात, दुकानदारालाही बोलायला सवड असते. 2024 च्या सप्टेंबरअखेरीपासून मेट्रो मंडईपर्यंत येते. भुयारी स्थानकातून वर येताना सरकता जिना टाळून लिफ्ट घ्यावी. हातात पिशवी असताना सरकत्या पायरीवर तोल सांभाळणे अवघड जाते. महात्मा फुले मंडईची 1886 पासून उभी असलेली दगडी वास्तू डोळे भरून पाहावी आणि मग तुळशीबागेकडे वळावे.

गल्लीच्या तोंडाशी मात्र क्षणभर कडेला थांबावे. बाहेर लख्ख ऊन असते आणि आत दुकानांवरच्या छतांची सावली. उतारवयात डोळ्यांना कमी उजेडाशी जुळवून घ्यायला अधिक वेळ लागतो. त्या अवधीत पुढची पायरी, फरशीची उंच कड किंवा मध्येच लावलेली दुचाकी दिसत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तरुणपणी पाऊल आपसूक पडते. वय वाढते तसे प्रत्येक पावलाला मनातले थोडे लक्ष द्यावे लागते. चालता चालता भाव विचारला, फोन कानाला लावला किंवा सुटे पैसे मोजले, की एकतर पाय अडखळतो, नाहीतर पाकिटाचे भान सुटते. खिसेकापू याच क्षणाची वाट पाहत असतो. म्हणून गर्दीत एकच नियम पुरेसा आहे: चालताना फक्त चालावे. बोलणे, मोजणे आणि फोन घेणे हे सारे दुकानाच्या कडेला उभे राहून करावे.

हा नियम पाळायचा, तर सांभाळायच्या वस्तूही कमी हव्यात. दागिने घरीच ठेवावेत. खर्चापुरत्या लहान नोटा पुढच्या खिशात आणि उरलेली रक्कम आतल्या कप्प्यात असावी. पिशवी एकच, अंगासमोर धरलेली. दुसरा हात आधारासाठी मोकळा असावा. मागून रेटा आला, तर उलट्या दिशेने जाऊ नये. प्रवाहाबरोबर तिरके सरकत कडेला यावे आणि निसटलेली चप्पल उचलायला वाकू नये.

फसवणारा माणूस नेहमी आपली घाई करतो. “तुमच्या नोटा खाली पडल्या,” “अंगावर घाण पडली आहे,” असे सांगून तो नजर दुसरीकडे वळवतो. साध्या वेशातला कोणी “मी पोलीस आहे, पुढे चोरी झाली, दागिने काढून कागदात गुंडाळा,” असे म्हणाला, तर काहीही न काढता जवळच्या दुकानात शिरावे आणि 112 क्रमांक लावावा. मोबाईलवरून पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही; पिन मागितला, की पैसे आपल्याच खात्यातून जाणार हे ओळखावे. तशी फसवणूक झालीच, तर विलंब न लावता 1930 वर कळवावे.

अर्ध्या तासानंतर विसावा हवाच. या बाजाराच्या पोटातच पेशवेकाळातले राममंदिर आहे. नारो आप्पाजी खिरे, म्हणजे तुळशीबागवाले, यांनी ते उभारले. आवारात शिरताच बाहेरचा गलका मंदावतो. तेथे टेकून घोटभर पाणी प्यावे. वारंवार लघवीला जावे लागेल या भीतीने अनेक ज्येष्ठ पाणीच टाळतात आणि आश्विनातल्या उन्हात त्यांना भोवळ येते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी न्याहारी चुकवू नये आणि जवळ खडीसाखर ठेवावी. घाम फुटला, हात थरथरले, तर आधी साखर तोंडात टाकावी, खरेदी मागाहून.

सोबत येणाऱ्या लेकी-सुनांना आणि मुलांनाही एक विनंती. पिशवी तुम्ही घ्या. यादी आणि पैसे त्यांच्याच हाती राहू द्या. पुढे जाऊन “चला ना लवकर” म्हणू नका, त्यांच्या बाजूने चाला. चुकामूक झाली तर मंदिराच्या आवारात भेटायचे, हे निघतानाच ठरवा. विसरभोळेपणा जडला असेल, तर नाव, घरच्यांचा फोन क्रमांक आणि औषधे लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवा, पण त्यांना एकटे सोडू नका.

यादीतल्या दोन वस्तू राहिल्या, तर राहू द्याव्यात. पाय थकण्यापूर्वी परतीची वाट धरावी. संध्याकाळी अंगणात आपण निवडलेली पणती लागेल, आणि ती लावायला आपण धडधाकट घरी असाल. दिवाळीच्या खरेदीचे सार्थक त्यातच आहे.