खिडकीजवळची जागा

आगगाडीत खिडकीजवळची जागा मिळावी, ही माणसाची फार जुनी हौस आहे. लहान मुले तिच्यासाठी भांडतात. मोठी माणसे भांडत नाहीत, नुसता रुमाल टाकतात. या साध्यासुध्या हौसेचे श्रीमंती रूप पाहायचे असेल, तर 'पॅलेस ऑन व्हील्स'ची जाहिरात पाहावी. ही गाडी १९८२ साली सुरू झाली, तेव्हा तिला जुन्या संस्थानिकांचे डबे जोडलेले होते. दिल्लीहून निघायचे, आठवडाभरात जयपूर, उदयपूर, जैसलमेर, जोधपूर करायचे आणि आग्र्याचा ताजमहाल पाहून परत यायचे. आपल्याकडे २००४ साली निघालेली 'डेक्कन ओडिसी' तिचीच धाकटी बहीण. जाहिरातीत गालिचे असतात, पडदे असतात, फेटेवाले सेवक असतात. आणि या सगळ्यांच्या मधोमध एक भली मोठी खिडकी असते.

माझ्यासारख्या शाळामास्तराने असल्या गाड्या फलाटावरूनच पाहाव्यात. पण वाळवंट मात्र मी पाहिले आहे. जोधपूरहून जैसलमेरला गेलो तो स्लीपरच्या डब्यातून. खिडकीतून वारा येत होता आणि वाऱ्याबरोबर वाळू. खेजडीची विरळ झाडे, मधूनच एखादा उंट, बाकी क्षितिजापर्यंत काही नाही. मी हरखून पाहत होतो. समोरच्या म्हाताऱ्याने पागोट्याचा शेव तोंडावर ओढला आणि हाताने खूण केली, 'खिडकी लावा.' मी निमूटपणे लावली. जन्म वाळवंटात काढलेल्या त्या माणसाला ते दिसत नव्हते, असे कसे म्हणावे? पण त्याच्या वाट्याला आली होती ती वाळू. डोळ्यांत जाणारी, भाकरीत कचकचणारी. ती काचेच्या पलीकडे राहिली, की मगच तिचे पाहण्याजोगे वाळवंट होते.

डोंगराचेही तसेच आहे. आमचे घर कल्याणला आणि आईचे माहेर तळेगावाला. दर भाऊबीजेला आम्ही पॅसेंजरने बोरघाट चढायचो. एक मूल मांडीवर, एक पदराशी, मी बाकाच्या टोकाला, आणि पायांत पत्र्याची ट्रंक. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हा मायलेकांना डेक्कन एक्स्प्रेसच्या व्हिस्टाडोम डब्याची तिकिटे काढून दिली. हा काचेच्या छताचा डबा त्या गाडीला २०२१ पासून लागला. त्यातल्या खुर्च्या हवे तिकडे तोंड करून फिरवता येतात. आषाढ होता. कर्जतला गाडीच्या पाठीमागे जादा इंजिने लागली आणि घाट सुरू झाला. एका बोगद्यातून बाहेर पडताच डाव्याउजव्या अंगाने धबधबे, आणि खाली धुक्याने भरलेली खोल दरी! आई कितीतरी वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली,

"ही दरी तेव्हापण होती का रे?"

मला हसू आले. "अगं, आपण दर वर्षी इथूनच जात होतो की!"

"बोगदे माहीत आहेत मला," ती म्हणाली. "काळोख झाला की धाकटा रडायला लागायचा. तो गप्प होईपर्यंत पुढचा बोगदा यायचा."

माझे हसू तिथेच थांबले. एवढ्या वर्षांत खिडकीजवळ मीच बसत आलो होतो. दरी माझ्या वाट्याला, बोगदे तिच्या.

हा घाट ज्यांनी बांधला, त्यांनी तरी तो कुठे पाहिला? १८५६ साली काम निघाले आणि १८६३ साली गाडी वर चढली. सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर, असा हा चढ. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट निभावून नेले. काम ऐन भरात होते तेव्हा चाळीस हजारांवर मजूर डोंगर फोडत होते. पटकीने आणि तापाने त्यांतले कितीतरी गेले. ट्रेडवेलबाईंचे नाव राहिले, त्यांची राहिली नाहीत. दरी त्यांच्या पायांशीच होती. पण सुरुंगाचे भोक पाडणारा माणूस दरीकडे पाहत नाही. आपण तिच्यात पडू नये, एवढेच पाहतो.

म्हणून या राजेशाही गाड्यांची मी आता थट्टा करीत नाही. त्या विकतात ती मखमल नव्हे. सामान दुसऱ्याने उचलायचे, स्वयंपाक दुसऱ्याने करायचा, आणि आपण बाहेर पाहत बसायचे. तिकीट आहे ते या मोकळ्या हातांचे. ते महाग आहे यात नवल नाही. नवल आहे ते हे, की आमच्या घराघरांत एका माणसाला ते जन्मभर परवडत नाही आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत पॅसेंजरने घाट चढणार असाल आणि शेजारी एखादी लेकुरवाळी माहेराला निघाली असेल, तर तिचे मूल दोन बोगद्यांपुरते आपल्या मांडीवर घ्या. आणि खिडकीजवळची जागा तिला द्या.